कौशल्याबाईंची मागची भिंत

लग्न होऊन आल्यापासून कौशल्याबाई येळणे आपल्या भासऱ्यांशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, एक वाक्यही थेट बोलल्या नव्हत्या. भांडण नव्हतं, रीत होती. नथ्थूजी घरात आले की डोक्यावर पदर घ्यायचा, दाराच्या आड उभं राहायचं आणि जे सांगायचं ते तिसऱ्या कुणाच्या तोंडून सांगायचं. आधी नवऱ्याच्या, नवरा गेल्यावर मुलाच्या. चहात साखर किती, हेसुद्धा नथ्थूजी चार हातांवर बसलेले असताना मुलाकडून विचारलं जायचं आणि उत्तर मुलाकडूनच परत यायचं. शेजारच्या मंदाबाई यावरून त्यांना चिडवत. "तुमचे भासरे आले का तुमचा पदर नाकापर्यंत येते. एक दिवस दारावर आपटसान, बाई." कौशल्याबाई हसून सोडून देत. वर्धा शहराला चिकटलेल्या पिपरी मेघेच्या ले-आउटमध्ये ही रीत आता फारशी कुणी पाळत नाही. त्या पाळत. देवळीच्या सासरी त्यांना तसं शिकवलं होतं आणि मोडायचं कारण कधी पडलं नव्हतं.

त्यांचा नवरा मालवाहू गाडी चालवायचा. जाम गावच्या चौरस्त्यापाशी उभ्या ट्रकवर त्याची गाडी आदळली आणि तो गेला. बऱ्याच वर्षांनी कोर्टातून भरपाई मिळाली, तिच्यातून कौशल्याबाईंनी नाल्याकाठचा एक प्लॉट घेतला. नाल्याकाठचा म्हणून तो स्वस्त होता. बांधकामाला कर्ज काढलं, आणि कर्ज देणाऱ्या संस्थेने त्याच्यासोबत घराचा विमाही जोडून दिला. विम्याचं काय करायचं ते त्यांना कळलं नाही. घर पडलं तर कंपनी देते, एवढंच त्या कार्यालयातल्या मुलीने सांगितलं.

घर असं: रस्त्याच्या बाजूला स्लॅबची खोली, तिच्यात त्यांचं शिलाई मशीन आणि बांगड्या, अस्तर, ब्लाउजपीसचं छोटं दुकान. मधे स्वयंपाकघर. मागे, नाल्याच्या बाजूला, विटांची आणि वर टिना टाकलेली एक खोली. या मागच्या खोलीत त्यांचे सासरे तानबाजी राहत. लकव्याने त्यांची उजवी बाजू गेली होती. ते आधी देवळीला नथ्थूजींकडे होते. तिथे संडास वरच्या मजल्यावर आहे, असं कारण निघालं आणि म्हातारा धाकट्या, विधवा सुनेकडे आला. पाव्हण्यांमध्ये यावरून बोललं जाई, ते नथ्थूजींच्या कानावरही जाई.

त्या खोलीवर आणखी एक गोष्ट टेकलेली होती. मुलगा स्वप्निल कुरिअरच्या गोदामात कामाला आहे. नथ्थूजींनीच त्याच्यासाठी हिंगणघाटची एक मुलगी आणली होती, रक्षा नावाची. मुलीकडचे घर पाहून गेले तेव्हा तिच्या मामाने विचारलं होतं, "पोरगी राहीन कुठी? दुकानात का स्वयंपाकघरात?" मागच्या खोलीला पक्कं छत टाकू, म्हातारबांची सोय पुढच्या खोलीत करू, असं नथ्थूजींनी शब्द देऊन टाकला. मागची खोली नीट झाली तर लग्न, नाहीतर नाही, हे सगळ्यांना समजलेलं होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत सलग पाऊस झाला. वरच्या बाजूच्या प्लॉटांवर भराव पडून नाला निम्मा उरला होता. सकाळी तो अंगणात आला आणि दुपारी घरात. स्वप्निलने आणि मंदाबाईंच्या दोन मुलांनी तानबाजींना बाजेसकट उचललं आणि कमरेएवढ्या पाण्यातून शाळेत नेलं. म्हातारा ओलाचिंब झाला. त्याच रात्री अंग तापलं, मग छाती भरली, आणि आठवडा व्हायच्या आत तो दवाखान्यातच वारला. कागदावर कारण न्यूमोनिया लागलं, म्हणून पुराच्या बळींमध्ये त्याची नोंद झाली नाही.

पाणी उतरल्यावर घरात घोट्याएवढा काळा चिखल होता. धान्याची कोठी उलटी पडलेली, गाद्या फुगलेल्या, मशीनच्या मोटरमधून पाणी ठिबकत होतं. मागच्या खोलीच्या नाल्याकडच्या भिंतीला कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत तिरपी चीर गेली होती. तिच्यात बोटं जात होती. पाण्याने पायाखालची माती नेली होती आणि भिंत खाली बसली होती. पाणी कुठवर चढलं होतं त्याची रेघ चारही भिंतींवर स्पष्ट होती, कौशल्याबाईंच्या छातीएवढी उंच.

सरकारी पंचनाम्याला माणूस आला तेव्हा घरात मयत झालेली. तो रिवाज पाळणारा होता. फाटकाबाहेरच चप्पल काढून उभा राहिला, हात जोडले, आणि 'घरात पाणी शिरले' एवढं लिहून निघून गेला.

विमा कंपनीला कळवायची आठवण मंदाबाईंच्या मोठ्या मुलाने दिली. घराच्या विम्यात आपल्याकडे आगीसोबत वादळ, चक्रीवादळ, पूर, पाणी तुंबणं हे सगळं धरलेलं असतं. पुरासाठी वेगळा विमा काढावा लागत नाही. पण नुकसान झालं हे मालकाने दाखवायचं असतं आणि कंपनीने नेमलेल्या सर्वेअरने ते डोळ्यांनी पाहायचं असतं. नोंद केली, आणि नागपूरहून अमर उईके नावाच्या सर्वेअरचा फोन आला. तो कौशल्याबाईंनी स्वतः घेतला.

"ताई, तुमच्याकडे यायला मला थोडे दिवस लागतील. सगळीकडेच पाणी आहे. तोवर काही हलवू नका. चिखल काढायचाच असेल तर आधी फोटो घ्या. भिंतीला मात्र मी येईपर्यंत अजिबात हात नाही लावायचा."

"घरात सुतक हाय, साहेब."

"मग तर कोणी हात लावणारच नाही," उईके म्हणाले.

त्यांना जे ठाऊक नव्हतं ते असं. सुतकातलं घर घरचे आवरत नाहीत, पण दहाव्याला ते आवरावंच लागतं. मेलेल्याचं अंथरूण बाहेर जातं, घर धुतलं जातं, तेरवीला पाव्हणे येण्याआधी चुना लागतो. नथ्थूजी बापाला ठेवू शकले नव्हते, पण तेरवी अशी करणार होते की कोणाला तोंड उघडता येऊ नये. दहाव्याच्या सकाळी ते देवळीहून टेम्पो घेऊन आले. टेम्पोत चार गडी, फावडी, सिमेंटची पोती आणि चुना.

स्वप्निलचं डोकं नुकतंच भादरलेलं होतं. कौशल्याबाई स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या राहिल्या आणि त्यांनी मुलाला जवळ बोलावलं. "मोठेबाबाले सांग. तो नागपूरचा माणूस येऊन पाहीपर्यंत मागची भीत तशीच राहू द्या म्हणा. त्यानं नाई पाह्यली तर पैसे भेटत नाईत. असंच सांग."

स्वप्निल पुढे गेला. नथ्थूजी बादलीत चुना कालवत होते. त्यांचे डोळे रडून सुजले होते.

"मोठेबाबा, आई म्हणते, मागच्या भितीचं नंतर पाहू."

"नंतर काऊन?"

"तो विम्यावाला येणार हाय."

"येऊ दे ना. त्याले का घाण दाखवाची हाय?" नथ्थूजींनी काठी बादलीवर आपटली. "बाप होता माया त्या खोलीत. तेरवीले अर्धी देवळी येणार हाय. लोक त्या चिरेत हात घालून पाह्यतीन, अन् म्हणतीन, नथ्थ्यानं बापाले कुठी आणून टाकलं पाहा. तुया मायले सांग, एक पैसा नाई लागू देत तिले. सिमेंट मायं, गडी माये."

स्वप्निल परत आला आणि म्हणाला, "ते म्हणून राह्यले, खर्च ते करतीन."

"मी जे सांगतलं ते सांगतलं तू?"

"सांगतलं ना."

कौशल्याबाईंनी सगळं ऐकलेलं होतं. दार आणि अंगण यांच्यात एक पाऊल होतं. त्या पुढे झाल्या नाहीत. "आपण बोललो असतो तर चार गड्यांसमोर भासऱ्यांची काय इज्जत राह्यली असती," असं त्या नंतर मंदाबाईंना म्हणाल्या. मंदाबाई म्हणाल्या, "आता तुमची काय राह्यली?"

त्या एका दिवसात घर लख्ख झालं. गाद्या, कपडे, कोठी, म्हातारबांची बाज, सगळं कचरागाडीत गेलं. गड्यांनी चिरेत सिमेंट भरलं, वरून घोटलं, बाहेरून पायाशी मुरूम दाबला, आणि छतापर्यंत चुन्याचे दोन हात मारले. फोटो कोणी काढले नाहीत. स्वप्निलचा फोन पाण्यात गेला होता, कौशल्याबाईंच्या साध्या फोनवर फोटो निघत नव्हते, आणि मयताच्या घरात दुसऱ्यांनी फोन काढून उभं राहणं बरं दिसलं नसतं. गल्लीचा एक व्हिडिओ सगळ्यांच्या ग्रुपवर फिरत होता. त्यात फाटकापर्यंत पाणी दिसत होतं. फाटकाच्या आत काय झालं ते दिसत नव्हतं.

तेरवी चांगली झाली. वाढप कमी पडलं नाही. नथ्थूजींना लोकांनी मान दिला.

उईके आले ते तेरवीनंतर. मध्यम वयाचा, हळू बोलणारा माणूस. मागच्या खोलीत उभे राहून त्यांनी चारी बाजूंना पाहिलं.

"पाणी कुठवर होतं?"

कौशल्याबाईंनी भिंतीवर हात ठेवला. "इथवर."

"खूण?"

"चुन्याखाली."

"चीर कुठून कुठे होती?"

त्यांनी बोटाने रेघ ओढून दाखवली. उईकेंनी त्या रेघेवर बोटांनी टकटक करून पाहिलं. एका ठिकाणी आवाज पोकळ आला. त्यांनी चुना खरवडला. खाली सिमेंट निघालं.

"मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं, ताई."

"सांगतलं होतं."

"मग?"

"तेरवी होती."

उईकेंनी बोटांना लागलेला चुना झटकला. मग म्हणाले, "मी तुम्हाला खोटं नाही म्हणत. पण मला जे दिसतं तेच लिहावं लागतं. मला दिसते ती बुजवलेली चीर आहे. घर नवं आहे. नवं बांधकाम आपोआप थोडं बसतं, भेगा पडतात, त्या विम्यात येत नाहीत. ही भेग त्यातली की पुरातली, हे सिमेंटखालून मला कसं कळणार? पाया खणून पाहू म्हटलं तर तिथेही तुम्ही मुरूम दाबून टाकला आहे."

"आमी नाई. आमच्या भासऱ्यानं."

"ते मला लिहिता येत नाही."

घरातलं सामान विम्यात होतं, पण दाखवायला सामानच नव्हतं. मशीन होतं, ते दुकानाचं, आणि दुकानाचा माल घराच्या विम्यात बसत नाही. पंचनाम्यावरून घरात पाणी शिरलं एवढं कंपनीने मान्य केलं. वायरिंग, दारांच्या फुगलेल्या फळ्या आणि साफसफाई यांचे पैसे मिळाले. मागच्या भिंतीचा दावा नाकारला गेला. वर तक्रार करता येते, मग विमा लोकपालांकडेही जाता येतं, हे उईकेंनी स्वतःहून सांगितलं. कौशल्याबाई गेल्या नाहीत. सोबत न्यायला चुना लावलेल्या भिंतीशिवाय काही नव्हतं.

दिवाळीच्या सुमारास चीर पुन्हा उघडली, त्याच जागी, त्याच तिरप्या रेघेने. आता कोणी बुजवली नाही. हिंगणघाटहून विचारणा झाली, तेव्हा नथ्थूजींनी सांगितलं की वर्षश्राद्ध झालं की छत टाकू.

पुढच्या जूनमध्ये, पाऊस यायच्या आधी, एका दुपारी पश्चिमेकडून पिवळं आभाळ आलं आणि अर्धा तास वारा सुटला. कौशल्याबाई पुढे ब्लाउजला हातशिलाई करत होत्या. मागे आधी टिना वाजल्या, मग उडाल्या. एक टिन मंदाबाईंच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन आदळली. छताचा भार गेला तशी नाल्याकडची भिंत बाहेरच्या बाजूला, सगळीच्या सगळी, आडवी झाली. तिथे कोणी नव्हतं.

वारा थांबल्यावर त्या मागे गेल्या. भिंत होती तिथे नाला दिसत होता. भिंत उपटून निघाली होती तिथे पायाचा दगड उघडा पडला होता, आणि दगडांच्या खाली पोकळी होती. पोकळीत गेल्या वर्षीचा चिखल वाळून काळा झालेला होता, त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकलेल्या. पुराने पायाखालून काय नेलं होतं आणि काय ठेवलं होतं, ते आता कोणालाही दिसलं असतं.

त्यांनी काही उचललं नाही. आधी कंपनीला फोन लावला. मग स्वप्निलला गोदामातून बोलावून सगळ्या बाजूंनी फोटो घ्यायला लावले, चिखलाचे जवळून. पावसाने आणखी बिघडू नये म्हणून पडलेल्या भिंतीवर आणि पायावर ताडपत्री ओढली, कडांना विटा ठेवल्या. मंदाबाई येऊन पाहून गेल्या. "घर उघडं टाकून बसल्या का आता? चोर येईन."

"येऊ द्या. त्यानंही काई हलवलं नाई पाह्यजे."

तिसऱ्या दिवशी फाटकाशी टेम्पो थांबला. तोच टेम्पो. वर्षश्राद्ध जवळ आलं होतं आणि नथ्थूजींना बातमी लागली होती. गडी, फावडी, सिमेंट, या खेपेला नव्या टिनाही. ते बडबडतच आत शिरले. "स्वप्न्या! काढ रे ती ताडपत्री. दोन दिवसात उभी करतो भीत. हिंगणघाटवाल्याले कळाच्या आत."

स्वप्निल कामावर गेला होता. घरात तिसरं माणूस नव्हतं.

कौशल्याबाई स्वयंपाकघराच्या दाराआड होत्या. एका गड्याने ताडपत्रीच्या कडेची वीट उचलली. त्या बाहेर आल्या. पदर डोक्यावर होता, पण तोंड उघडं होतं.

"भाऊजी, हात नोका लावू."

नथ्थूजींनी मागे वळून पाहिलं, जणू दुसरं कोणी आलं आहे. गडी थांबला.

"ती वीट ठेव तिथीच," त्या गड्याला म्हणाल्या, आणि मग पुन्हा भासऱ्यांकडे वळल्या. "तो माणूस येईपर्यंत कोणी काई उचलाचं नाई. मागच्या वर्षी तुमी उचललं. मी दारात उभी होती. मी बोलली नाई. आता बोलून राह्यली."

"मागच्या वर्षी म्या काय केलं?" नथ्थूजींचा आवाज चढला. मग ते भानावर आले की आपण कोणाशी बोलतो आहोत, आणि त्यांनी तोंड गड्यांकडे फिरवलं. "ऐकलं? बापाच्या तेरवीले चुना लावला, तो गुन्हा झाला माया."

"गुन्हा नाई म्हणत. भितीचे पैसे गेले म्हणते. आता भेटले तर या पडलेल्या भितीचेच भेटतीन."

"वर्षश्राद्ध चिखलात करतं का मंग?"

"करा लागलं तर करू."

नथ्थूजी ताडपत्रीपासून मागे सरले. मग त्यांनी हात झटकले. "चला रे. इथी आता बायका बोलते." फाटकातून निघताना ते कोणाकडेही न पाहता म्हणाले, "स्वप्निलले सांगजो, श्राद्ध देवळीले होईन." कोणी सांगायचं ते त्यांनी सांगितलं नाही. तिथे कौशल्याबाईच होत्या.

उईके आले तेव्हा ताडपत्रीखालचं सगळं जसंच्या तसं होतं. त्यांनी गुडघ्यावर बसून पायाखालच्या पोकळीत हात घातला, वाळलेला चिखल चिमटीत चोळून पाहिला. "हे मला गेल्या वर्षी पाहायला हवं होतं," ते म्हणाले.

"तवाच होतं, साहेब. चुन्याखाली."

वादळाचा दावा मंजूर झाला. टिना, भिंत, खिडकी, सगळ्याचे पैसे मिळाले. पायाचे मिळाले नाहीत. पाया पुराने गेला होता, वाऱ्याने नाही, आणि पुराचा दावा बंद झाला होता. त्यात स्वतः उईकेंचंच वाक्य होतं: नव्या बांधकामाचं नैसर्गिक बसणं. ते त्यांना मागे घेता आलं नाही. जुन्या पायावर भिंत बांधली तर पुढच्या पुरात जाईल, हे मिस्त्रीने सांगितलं. नव्या पायाला वेगळे पैसे नव्हते. शेवटी पक्क्या छताचा विचार सोडला, पुन्हा टिनाच टाकल्या, नवा पाया आतल्या बाजूला, घट्ट जमिनीत घेतला आणि भिंत त्याच्यावर उभी केली. खोली दीड हाताने अरुंद झाली. जुना पाया बाहेर तसाच आहे, त्यावर आता गवत आहे.

वर्षश्राद्ध देवळीला झालं. कौशल्याबाईंना बोलावणं आलं नाही. स्वप्निल एकटा गेला, जेवला आणि परत आला. त्याने सांगितलं, मोठेबाबा सगळ्यांशी बोलले, आईचं नाव काढलं नाही. सोयरीक नथ्थूजींनी मोडली नाही. ते हिंगणघाटला जायचे ते फक्त थांबले. मुलीकडच्यांना जे समजायचं ते समजलं असावं. तिकडून अजून होकार नाही आणि नकारही नाही.

मागच्या खोलीत आता स्वप्निल झोपतो. नवी भिंत आतून उघड्या विटांची आहे. मिस्त्रीने प्लास्टरचं विचारलं होतं, चुन्याचंही विचारलं होतं. कौशल्याबाईंनी दोन्हीला नाही म्हटलं. पावसाळ्यात रोज सकाळी त्या आत जातात आणि विटांमधल्या सांध्यांवरून बोट फिरवून पाहतात.